गुरुवारचा होकार

आमच्या घरात एक नियम होता: टेलिफोनवर दिलेला शब्द फिरवायचा नाही, आणि का फिरवायचा नाही हे विचारायचं नाही. बाकीचे नियम वाकत असत. एकादशीला आईला चहाबरोबर बिस्किट चालत असे, आणि मोठेबाबा आम्हाला सोवळ्याचे धडे देऊन स्वतः स्टेशनवरच्या हॉटेलात भजी खात, हे आर्वीत सगळ्यांना माहीत होतं. पण हा एक नियम कोणी वाकवलेला मी कधी पाहिला नव्हता.

आमचा धंदा कापसाच्या दलालीचा. माझे वडील मनोहरराव आणि त्यांचे थोरले भाऊ बाबाराव, म्हणजे आमचे मोठेबाबा, दोघे मिळून आर्वीच्या बाजारात सौदे जुळवीत. हिंगणघाटचे, अमरावतीचे व्यापारी त्यांना वर्षातून एखाददा दिसत, काही तर कधीच दिसत नसत. सगळा व्यवहार बैठकीतल्या काळ्या टेलिफोनवर, निव्वळ आवाजावर चाले. पलीकडचा माणूस "झालं" म्हणाला आणि बाबाही "झालं" म्हणाले की सौदा झाला. मग बाबा रिसीव्हर क्षणभर कपाळाला टेकवत आणि खाली ठेवत. कागद मागाहून येई, आला नाही तरी अडत नसे.

मी दहा-अकरा वर्षांची असताना हिंगणघाटच्या एका व्यापाऱ्याने सकाळी फोनवर सौदा केला आणि दुपारी जेवता जेवता तो मेला. त्याच्या मुलांना या सौद्याची गंधवार्ताही नव्हती. तरी ठरल्या दिवशी बाबांनी बैलगाड्या भरून कापूस रवाना केला. मी विचारलं, "ज्यानं शब्द दिला तो माणूसच राहिला नाही, मग शब्द कोणाचा राहिला?" मोठेबाबांनी सुपारी कातरता कातरता वर पाहिलं.

"माणूस गेला पोरी, शब्द कुठी गेला?" ते म्हणाले. "आन् हे विचाराचं नाई."

न विचारणं मला कधीच जमलं नाही. नागपूरला कॉलेजात गेल्यावर तर अजिबातच नाही. चार वर्षांत मी 'मले-तुले' सोडलं, 'माय' म्हणायचं सोडून 'आई' म्हणू लागले, आणि सुट्टीत घरी आले की जेवणाच्या ताटावरून मोठेबाबांशी वाद घालू लागले. "नागपूरची राजधानी गेली, पण हिच्यातली असेंब्ली काई गेली नाई," असं ते बैठकीतल्या लोकांना सांगत आणि लोक हसत. मीही हसत असे, कारण मला वाटे की मी जिंकते आहे.

त्या वर्षी, म्हणजे अठ्ठावन्न साली, माझं शेवटचं वर्ष होतं. नागपूरच्या एका मुलींच्या शाळेने जूनपासून मला शिक्षिका म्हणून घ्यायचं कबूल केलं होतं. मुख्याध्यापिकाबाईंच्या सहीचं पत्र माझ्या ट्रंकेत, साड्यांच्या खाली होतं. आणि घरी एक स्थळ होतं. पुलगावच्या दारूगोळ्याच्या डेपोत कारकून असलेला श्रावण नावाचा मुलगा. मुलगा वाईट असेल असं मला वाटलं नव्हतं. मला जून हवा होता, इतकंच. दिवाळीत मी बैठकीत उभी राहून सगळ्यांदेखत नाही म्हटलं. पण समोर उभं राहून तोंडाने म्हटलेल्या 'नाही'ला आमच्या घरात काही वजन नव्हतं. "पाहू," बाबा म्हणाले होते, आणि बाजारभावाचा फोन आला म्हणून उठून गेले होते.

मार्चमध्ये परीक्षा चालू असताना बाबांचं पत्र आलं. "चि. मनकर्णेस अनेक आशीर्वाद. गुरुवारी दुपारी तुझा फोन मिळाला. तू होकार दिलास, सर्वांस फार आनंद झाला. पुलगावकरांस लगेच कळविले आहे. वैशाखातील तिथी पाहतो. पेपर नीट लिही."

मी ते पत्र वसतिगृहाच्या जिन्यात उभी राहून तीनदा वाचलं. गुरुवारी दुपारी मी इतिहासाचा पेपर लिहीत होते. दोन ते पाच. माझ्या पुढे, मागे, दोन्ही बाजूंना मुली बसल्या होत्या. वसतिगृहातला एकुलता एक फोन वॉर्डनबाईंच्या खोलीत होता आणि त्या बाहेर गेल्या की त्या खोलीला कुलूप असे.

वडीलधाऱ्यांचा डाव, हे माझ्या मनात लगेच आलं, आणि त्या विचाराने मला जवळजवळ बरं वाटलं. रागाला धरायला जागा मिळाली. शेवटचा पेपर देऊन मी त्याच संध्याकाळची गाडी पकडली, पुलगावला मावसभावाकडे मुक्काम केला आणि सकाळी छोट्या रेल्वेने आर्वीला पोचले. त्या गाडीच्या बरोबरीने माणूस चालू शकतो असं म्हणतात; त्या दिवशी मला तर उतरून धावत पुढे जावंसं वाटत होतं.

"खोटं का लिहिलंत, बाबा?" मी चपला न काढताच विचारलं.

ते रागावतील, आवाज चढवतील, निदान नजर चुकवतील, असं मला वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. "मी?" ते म्हणाले. "फोनच्या बाबतीत मी खोटं बोलीन?"

"मी फोन केला नाही."

"मनू, तीस वर्सं झाले, मी आवाजावर जगून राह्यलो. तारेवर माणूस नुसता खोकलला तरी मी त्याचं नाव सांगतो. आन् माह्या पोरीचा आवाज मले ओळखू येणार नाई?"

त्यांचा चेहरा दुखावलेला होता, खरोखर दुखावलेला. खोटं बोलणाऱ्या माणसाचा असा होत नाही. मी आईकडे वळले. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"माह्याशीबी बोलली न तू," ती म्हणाली.

"काय बोलले मी?"

"गवळणीचं इचारलं. गोऱ्हा झाला का कालवड, म्हणून. माह्या गुडघ्याचं इचारलं. आन् म्हणाली, माय, तू मनाले लावून घेऊ नोको, तुमी म्हणान तसं." ती थांबली आणि पदराने तोंड पुसू लागली. "किती दिसानं 'माय' म्हणलं वं तूनं. आता जशी बोलून राह्यली तशी नाई बोलली. गोड बोलली."

गवळण गाय व्याली हे मला त्या क्षणी कळलं. मागे गोठ्यात जाऊन पाहिलं तर पांढऱ्या कपाळाची कालवड गवळणीच्या पोटाखाली ढुशा देत होती. बुधवारी झाली होती, फोनच्या आदल्या दिवशी.

दुपारी मी टपाल कचेरीत गेले. आर्वीचं टेलिफोनचं बोर्ड तिथेच मागच्या खोलीत होतं आणि नत्थू त्यावर बसत असे. मी फ्रॉकमध्ये असल्यापासून तो तिथे होता. कानावर ऐकायची लोखंडी पट्टी चढवलेली असल्यामुळे तो सगळ्यांशी ओरडून बोलत असे.

"ट्रंक कॉल होता, नागपूरचा," तो म्हणाला. "गुरुवारी. तीन वाजून गेलते. 'नत्थूदादा, घरी लावून द्या' म्हणाल्या. मीच इचारलं, पेपर कसे गेले बाई? तं तुमी हासल्या."

"मीच होते? नक्की?"

नत्थूने कानावरची पट्टी सरकवली आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "आता बाप्पा, तुमीच होत्या का नाई ते तुमीच मले इचारता? मंग मी काय सांगू?"

घरी येऊन मी ट्रंक उघडली आणि इतिहासाची प्रश्नपत्रिका काढली. सोडवलेल्या पाच प्रश्नांवर मी शाईने खुणा केल्या होत्या. पहिले तीन प्रश्न मला स्वच्छ आठवत होते, कुठे अडले, कुठे शाई सांडली, तेसुद्धा. चौथ्याची सुरुवात आठवली. पुढे पंख्याचा आवाज आठवला, समोरच्या मुलीच्या वेणीतली सुकलेली अबोली आठवली, पण मी काय लिहिलं ते आठवेना. आणि मग एकदम पाचची घंटा. माणूस तीन तास लिहितो तेव्हा असंच होतं, मी स्वतःला सांगितलं, आणि ट्रंक बंद केली.

त्यानंतर घरात कोणी माझ्याशी वाद घालेना. हे सगळ्यांत विचित्र होतं. मी जेवताना बोलत असे, आणि मोठेबाबा, ज्यांनी आयुष्यात मला एक वाक्य पुरं करू दिलं नव्हतं, ते मान हलवत वरण ओरपत. मी 'नाही' म्हणे आणि ते सगळे माझ्याकडे असे पाहत की जणू ताप चढलेलं माणूस बरळतंय. शुद्धीवर असताना सांगायचं ते त्याने आधीच सांगितलेलं आहे. डोकं थंड होईल म्हणून त्यांनी मला दोन दिवस तळेगावला मावशीकडे पाठवलं. मावशीचं घर गावाच्या टोकाला, पुढे तिची भाजीची वाडी. मी दोन दिवस तिच्याबरोबर वांगी तोडली, कोथिंबिरीच्या जुड्या बांधल्या, आणि वाडीच्या कुंपणाबाहेर पाऊल टाकलं नाही.

परत आले तर बाजेवर हिरवं पातळ पसरलेलं होतं. जरीकाठी, नवं, घडी नुकती मोडलेली.

"हे काय?"

"तूनंच सांगितलं न काल, हिरवं पाह्यजे म्हणून," आई म्हणाली. "मोठेबाबा लाल आणून राह्यलते, मी फोनवर तुले इचारलं तं तू म्हणाली, माय, हिरवं."

"काल मी मावशीकडे होते. मावशीकडे फोन आहे कुठे, आई?"

काठावरून फिरणारा तिचा हात थांबला. तिला ते समजलं. समजलेलं मी तिच्या डोळ्यांत पाहिलं. गाडीच्या डब्यातून एखादं स्टेशन सरकत जावं तसं ते आलं आणि गेलं. मग तिचा हात पुन्हा फिरू लागला.

"असू दे वं," ती हलक्या आवाजात म्हणाली. "जे बोलली ते चांगलं बोलली न?"

त्या दुपारपासून मी बैठकीत टेलिफोनजवळ बसू लागले. पुस्तक उघडं ठेवून बसत असे, पण पान उलटत नसे. जरा कुठे भांडं वाजलं की हात पुढे जाई. दोनदा व्यापाऱ्यांचे फोन आले. तिसऱ्यांदा घंटा वाजली तेव्हा बाबा अंगणात होते आणि मी उचलला. "हॅलो," मी म्हटलं. पलीकडे कोणी बोललं नाही. तार तुटलेली नव्हती. तुटलेल्या तारेची शांतता वेगळी, ती पोकळ असते. इथे कोणी तरी शांतपणे थांबलेलं होतं. घरच्या बाईने दारात यावं आणि आत परका पाहुणा बोलतोय म्हणून त्याचं होईपर्यंत उंबऱ्यावर उभं राहावं, तसं. मीच फोन ठेवला. 

रविवारी पुलगावला जायचं ठरलं. श्रावणाचे काका, भैयाजी, हे टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले इन्स्पेक्टर. त्यांनी स्टेशनजवळच्या कापसाच्या जुन्या गोदामातल्या दोन खोल्यांत टेलिफोनच्या इतिहासाचं संग्रहालय मांडलं होतं, आणि होणाऱ्या व्याह्यांना ते दाखवायची त्यांना फार हौस होती. मी जायला तयार झाले तेव्हा आईने देवापुढे साखर ठेवली. मी का तयार झाले ते तिला ठाऊक नव्हतं. पुलगावकरांना समोरासमोर सांगून टाकायचं, इतकंच मी ठरवलं होतं. घरच्यांच्या कानांत बूच बसलं होतं, पण परक्यांना तर ऐकू येईल?

गोदामाच्या दारावर हाताने रंगवलेली पाटी होती: 'दूरध्वनीचा इतिहास. वस्तूंना हात लावू नये.' भैयाजी पाटीखालीच उभे होते; उंच, वाकलेले, खाकी कोट घातलेले, बोटांच्या टोकांना डिंकाचे डाग. त्यांच्यामागे श्रावणाची आई शकुबाई पानाचा डबा घेऊन बसल्या होत्या. श्रावणाला डेपोत काम निघालं होतं.

शकुबाईंनी मला नखशिखान्त पाहिलं. "फोनवर आवाज नाजूक लागलाता," त्या आईला म्हणाल्या.

"परवापासून घसा बसला आहे तिचा," आई घाईने म्हणाली.

"मी तुमच्याशी फोनवर कधी बोललेच नाही," मी म्हटलं.

शकुबाई हसल्या. "मस्करी करते! 'आत्याबाई, मले सैपाक येत नाई, तुमी शिकवजा,' हे कोण म्हणलं मंग?" आणि त्यांनी आईला पान दिलं.

पुढे बोलायची संधी मला मिळाली नाही, कारण भैयाजींनी दाखवायला सुरुवात केली होती. मी खरं सांगते, दुसऱ्या कुठल्या दिवशी मला ते संग्रहालय आवडलं असतं. शोध लावणाऱ्या गोऱ्या साहेबाच्या चित्राला झेंडूचा हार होता. खाली, फळ्यांवर, खांबांवरच्या पांढऱ्या चिनी मातीच्या वाट्या ओळीने ठेवल्या होत्या, एक बंदुकीच्या छऱ्याने फुटलेली. शिशाच्या नळीतून जाणाऱ्या तारांचा आडवा काप होता, भेंडी कापल्यासारखा. भिंतीवरचे लाकडी टेलिफोन, पितळी घंटांचे, दांडा फिरवायचे. टेबलावर उभा राहणारा काळा, ज्याच्यात तोंडाची वाटी वर आणि कानाची बाजूला लटकवलेली. एक जुनं बोर्डही होतं, भोकाभोकांचं. कोणी फोन केला की त्याच्या नंबरावरची छोटी पत्र्याची झडप कशी खाली पडे, ते भैयाजींनी बोटाने पाडून दाखवलं. ते प्रत्येक वस्तूचं साल सांगत, ती कुठल्या कचेरीच्या अडगळीतून मिळाली ते सांगत, आणि फडक्याने पुसून परत ठेवत. बाबा आणि मोठेबाबा देवळात हिंडावं तसे हात जोडल्यासारखे हिंडत होते.

शिशाच्या कापाजवळ मी भैयाजींना एकटं गाठलं. "एका तारेतला आवाज दुसऱ्या तारेत जातो का?"

"जाते न," ते खूश होऊन म्हणाले. "जुनी लाईन असली, ओल आली, तं बाजूच्याचं बोलणं तुमाले ऐकू येते. आमी दिवसभर तेच दुरुस्त करत फिरत होतो."

"मग दुसऱ्याच कोणा मुलीचा आवाज आमच्या घरी आला असेल?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या घोळक्यात पहिल्यांदाच कोणी तरी माझं ऐकत होतं. "तुमी खरंच नाई बोलल्या?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही."

त्यांनी तो शिशाचा काप फडक्याने पुसला. "आवाज येते बाई," ते म्हणाले. "पण नाव घेऊन येत नाई. गाईचं इचारत नाई." गवळणीची गोष्ट बाबांनी त्यांनाही सांगितलेली दिसत होती. मग ते काही तरी आठवल्यासारखे वळले आणि टेबलाकडे गेले.

शेवटचा खेळ त्यांनी खास ठेवला होता. बाहेरच्या खोलीतला तो उभा टेलिफोन आणि आतल्या खोलीतला भिंतीवरचा लाकडी, हे दोन त्यांनी तारेने जोडले होते. कोरड्या बॅटरीची पेटी टेबलाखाली होती. एकाने आत जाऊन बोलायचं, दुसऱ्याने बाहेर ऐकायचं.

मोठेबाबांचे डोळे चमकले. "मंग काय पाह्यजे? शब्द इथंच होऊन जाऊ द्या! पोरगी आतून बोलते, मनोहर इथून ऐकते. पुलगावकर साक्षीले आहेतच. फोनवरचा शब्द, पक्का."

"घ्या! टेलिफोनवर सुपारी फोडाची," शकुबाई म्हणाल्या, आणि सगळे हसले.

मीसुद्धा हसले असेन, कारण आईने चमकून माझ्याकडे पाहिलं. इतके दिवस मी ज्या भिंतीवर डोकं आपटत होते तिच्यात त्यांनी स्वतःच दार काढून दिलं होतं. त्यांचाच नियम, त्यांच्याच कानात. एकदा मी फोनवर नाही म्हटलं, चार माणसांच्या साक्षीने, की बाबांना ते फिरवता येणार नव्हतं. जीव गेला तरी नाही. शाळेच्या पत्राचा, नागपूरच्या खोलीचा, जूनचा विचार करत मी आत गेले.

आतली खोली अरुंद होती आणि तिथे अजूनही सरकीचा वास येत होता. उंच झरोक्यातून उन्हाचा एक पट्टा लाकडी पेटीवर पडला होता. मी कानाची नळी आकड्यावरून काढली, थंड आणि अपेक्षेपेक्षा जड, आणि कानाला लावली. भिंतीपलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग नळीतून बाबा म्हणाले, "हां, बोल बेटा."

मी श्वास घेतला.

"बाबा, मीच बोलून राह्यली," नळीतून आवाज आला.

मी तोंड उघडलेलं नव्हतं. मी दुसऱ्या हाताची बोटं ओठांवर ठेवून पाहिली. ओठ मिटलेले होते, कोरडे होते. तो आवाज माझा होता. माझ्यासारखा, असं मला म्हणता येत नाही. झोपेतून उठताना आपण पहिल्यांदा बोलतो तेव्हा, शिकलेलं काही जिभेवर यायच्या आत, तो जसा असतो, तसा. चार वर्षांत मी तो ऐकला नव्हता.

"मोठेबाबा आहेत न जवळ? माय? सगळे ऐकून राह्यले न?"

"सगळे आहेत, बोल तू," बाबा म्हणाले, आणि कोणी तरी कौतुकाने हसलं. ते हसू मला दोनदा ऐकू आलं, एकदा नळीतून आणि एकदा भिंतीतून.

"नाही!" मी लाकडी पेटीच्या तोंडात ओरडले. "बाबा, ती मी नाही!"

नळीत काहीही बदललं नाही. आवाज तसाच, न अडखळता, न घाई करता, वैशाखातल्या तिथीबद्दल बोलत राहिला. मायले उन्हाचा तरास होईन, म्हणून मांडव उत्तरेकडून घालजा, असं म्हणत होता. मला ते सुचलं नसतं. मला खरंच कधी सुचलं नसतं.

मी नळी सोडून दिली. ती दोरीला लोंबकळत भिंतीवर आपटली, आणि मी दारात आले.

बाबा टेबलाशी बसले होते. कानाची वाटी त्यांनी दोन्ही हातांनी कानाशी धरली होती, डोळे मिटले होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी लहानपणी पहिला नंबर आणला तेव्हा होतं तसं हसू होतं. आई त्यांच्या खांद्याशी वाकून ऐकत होती. मोठेबाबा मान डोलवत होते. शकुबाईंनी पुढचं पान लावायला घेतलं होतं. टेबलाखाली भैयाजी उकिडवे बसले होते. बॅटरीच्या पेटीपासून हातभर अंतरावर तारेची दोन उघडी टोकं त्यांच्या चिमटीत होती.

"थांबा हो मनोहरराव," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "मी अजून जोडलं नाई. अजून जोडलंच नाई मी."

त्यांच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

"मी हे लग्न करणार नाही," मी म्हटलं. मी ओरडले नाही. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचावा असा, स्वच्छ, सावकाश आवाज मी लावला. "मी कोणाला फोन केलेला नाही. शब्द दिलेला नाही आणि देणार नाही. जूनमध्ये मी नागपूरला शाळेत रुजू होणार आहे. आता तुम्ही मला समोर बघताय, ऐकताय. मी नाही म्हणते आहे."

या वेळी त्यांना ऐकू गेलं. मोठेबाबांची मान थांबली. शकुबाईंचा चुन्याचा हात पानावर तसाच राहिला. बाबांनी डोळे उघडले. आईने माझ्याकडे पाहिलं, मग बाबांच्या हातातल्या वाटीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. बाजारात दोन जुड्या हातात घेऊन कोणती न्यावी ते ठरवताना बाया पाहतात, तसं.  भैयाजींच्या चिमटीत तारेची टोकं अजून सुटीच होती.

वाटीतला बारीक आवाजही थांबला होता. त्याने ऐकलं होतं.

मग तो हळूच, थोडा घाबरून, म्हणाला, "बाबा? तिथं कोण बोलून राह्यलं?"

बाबा माझ्याकडे पाहत राहिले. वाटी त्यांनी कानावरून काढली नव्हती.